कॉमिक्सला दाखल क्रमांक द्या : सातारा जिल्ह्यातल्या ग्रंथालयांना एक खुले पत्र

सातारा जिल्ह्यातील सार्वजनिक ग्रंथालयांचे अध्यक्ष, कार्यवाह, ग्रंथपाल आणि कार्यकारी मंडळातील सर्व सदस्य यांस,

स.न.वि.वि.

मे महिन्यात जुन्या वह्या घालायला मी साताऱ्यातल्या एका रद्दीच्या दुकानात गेले होते. काट्याशेजारी मासिकांचा ढीग पडला होता आणि त्याच्या तळाशी लाल कापडी पाठीचा एक जाड खंड दिसला. पाठीवर पांढऱ्या रंगाने हाताने लिहिलेलं : इंद्रजाल. माझ्या लहानपणची कॉमिक्सची मालिका. मी तो ओढून काढला आणि मधलं एक पान शोधून त्याच्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे कागद दुपदरी लागला. तो कोपरा १९८३ साली माझ्या हातून फाटला होता. मी घाबरून तो भाताच्या शितांनी चिकटवला होता. ४२ वर्षांनी शितं तशीच कडक होती.

पहिल्या पानावर तुमच्यातल्याच एका ग्रंथालयाचा जांभळा शिक्का होता. शिक्क्यात 'दाखल क्र.' (ग्रंथालयाच्या नोंदवहीतला पुस्तकाचा नंबर) आणि त्यापुढे टिंबांची ओळ. त्या ओळीवर काहीही लिहिलेलं नव्हतं.

दुकानदाराने खंड काट्यावर ठेवला आणि वजनाचे पैसे घेतले. दुसऱ्या दिवशी तो पिशवीत घालून मी त्या ग्रंथालयात गेले. तिथल्या लोकांनी मला बसायला खुर्ची दिली, चहा विचारला, खंड उलटून पालटून पाहिला. मग शांतपणे सांगितलं, "ताई, ही पुस्तकं नव्हतीच. यांना नंबर नव्हता. मासिकांच्या रद्दीबरोबर गेली असणार." त्यांच्या बोलण्यात खोटं काही नव्हतं. म्हणूनच त्या ग्रंथालयाचं नाव मी लिहीत नाही. जिल्ह्यात मी जिथे जिथे विचारलं, तिथे कॉमिक्स असलीच तर ती अशीच बिननंबरी आहेत.

माझं मागणं एकच आहे. कॉमिक्सला दाखल क्रमांक द्या. पुढे जे लिहिते आहे ते सगळं याच मागण्यापोटी.

मी एका पतसंस्थेत हिशेब लिहिते. आमच्या धंद्यात वहीत नोंद नाही ती वस्तू नाही. तुमच्याकडेही तसंच आहे. वाचन कक्षातल्या लोखंडी खुर्चीच्या पाठीवर रंगाने आकडा टाकलेला असतो, कारण ती डेडस्टॉक रजिस्टरात, म्हणजे सामानाच्या वहीत, आहे. ती मोडली तर ठराव होतो, मगच ती भंगारात जाते. दाखल नोंदवहीतलं पुस्तक बाद करायचं तर निर्लेखनाची यादी होते, सभेपुढे येते, सह्या होतात. आमच्या खंडाच्या वाट्याला यातलं काही आलं नाही. कुणी वाईट वागलं म्हणून तो गेला नाही. तो तिथे आहे हे कधी कुणी लिहूनच ठेवलं नव्हतं, म्हणून तो गेला.

आमचं गाव जावळी तालुक्यात. घरटी एक पुरुष मुंबईला गिरणीत, तसे माझे तात्याही लालबागला खोलीत बारा-पंधराजणांबरोबर राहायचे. गणपतीला आणि शिमग्याला एस्टीने गावी यायचे. पिशवीत आईला लुगडं, आजीला तपकीर आणि माझ्यासाठी वर्तमानपत्रात गुंडाळलेली चार-पाच इंद्रजाल. गिरणीबाहेरच्या फुटपाथवर ती अर्ध्या किमतीत मिळायची. मार्च १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडिया समूहाने ही मालिका सुरू केली, १९९० साली ती बंद झाली आणि तोवर तिचे ८०० च्या वर अंक निघाले होते, हे मला पुष्कळ पुढे कळलं. तेव्हा एवढंच माहीत होतं की दिवेलागणीला पडवीत बसायचं आणि आजीला वाचून दाखवायचं.

पहिल्याच अंकाचं नाव मी वाचलं तशी आजीने हात जोडले. ली फॉक यांनी १९३६ साली अमेरिकेत जन्माला घातलेला फॅंटम हा कॉमिक्सचा नायक मराठी इंद्रजालमध्ये वेताळ झाला होता, आणि आमच्या गावाच्या शिवेवर वेताळाचा शेंदूर लावलेला दगड आहे. आजीच्या लेखी हा तोच होता. फक्त त्याने घट्ट कपडे घातले होते, तोंडावर पट्टी बांधली होती आणि तो घोड्यावर बसला होता. शिवेचा राखणदार तो शिवेचा राखणदार. तिला त्यात काही नवल वाटलं नाही.

आजीला अक्षरओळख नव्हती. मी फुग्यांमधले, म्हणजे पात्रांच्या तोंडचे, शब्द वाचायची आणि ती चित्रं वाचायची. एकदा भराभर वाचून मी पान उलटणार तर तिने माझं मनगट धरलं.

"थांब गं पोरी. त्यो मगाचाच मानूस न्हवं का ह्यो?"

"नाही आजी, हा पाहुणा आहे. नवीन आलाय."

"न्हाई बया. गालाव बघ त्येच्या."

मी बघितलं. दारात टोपी हातात घेऊन उभ्या असलेल्या त्या सभ्य माणसाच्या जबड्यावर चार रेघांत काढलेली कवटीची खूण होती. वेताळाच्या उजव्या हातातल्या अंगठीचा तो ठसा. ज्याला ठोसा बसतो त्याच्या तोंडावर तो कायमचा उमटतो. म्हणजे हा पाहुणा पूर्वी कधीतरी मार खाल्लेला चोर. कुठल्याही फुग्यात तसं लिहिलेलं नव्हतं. चित्रकाराने ते फक्त दाखवलं होतं. अंगठा उठवणाऱ्या बाईने ते वाचलं आणि चौथीतल्या मुलीच्या ते नजरेतून सुटलं. त्या संध्याकाळपासून मी कॉमिक्स नीट वाचायला लागले, आणि कुणी "त्यात वाचण्यासारखं काय असतं" म्हटलं की आजीचं ते बोट मला डोळ्यांपुढे दिसतं.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. त्या वर्षी गणपतीला तात्या घरीच होते आणि पिशवी आली नाही. पुढेही कधी आली नाही. जूनमध्ये मला शिकायला साताऱ्यात मावशीकडे ठेवलं होतं. मावशीच्या शेजारच्या काकांचं वाचनालयाचं कार्ड होतं. त्यांच्याबरोबर गेले आणि बालविभागाच्या काचेच्या कपाटात लाल पाठीचा तो खंड पाहिला. पंचवीस-तीस इंद्रजाल एकत्र बांधलेली. शाळेची ती सगळी वर्षं मी तो पुन्हा पुन्हा घरी नेला. तात्यांची पिशवी बंद झाली तेव्हा तुमच्या कपाटाने मला ती परत दिली होती, हे मी विसरलेले नाही. तुम्हांला हे पत्र लिहिण्याचा हक्क मला वाटतो तो त्यामुळेच.

आता तुमच्या काही सवयींबद्दल लिहिते, ज्यांनी माझा जीव वर्षानुवर्षं तळमळला आहे.

पहिली सवय शिक्क्याची. कादंबरीच्या पानावर समासात शिक्का मारला तर काही बिघडत नाही. कॉमिक्सच्या पानाला समास जवळजवळ नसतोच. तिथे शिक्का बसतो तो माणसाच्या चेहऱ्यावर नाहीतर फुग्यावर. त्या खंडात एका गोष्टीच्या शेवटच्या पानावर, जिथे गुन्हेगाराचं नाव उघड होतं नेमक्या त्याच फुग्यावर, गोल जांभळा शिक्का आहे. त्या माणसाचं नाव मला पाच वर्षं कळलं नव्हतं. शेवटी पुण्यात एका मैत्रिणीच्या भावाकडे तोच अंक मिळाला तेव्हा मी त्याच्या दारातच उभी राहून ते वाचलं. शिक्का मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला मारा. पानं मोजून घ्या, वाटल्यास मागच्या आतल्या बाजूला दुसरा मारा. चित्रावर मात्र नको.

दुसरी सवय बांधणीची. बाइंडर अंकांची चळत लावतो, कडेने टोचा मारून दोरा ओवतो आणि मग तिन्ही बाजू कटिंग मशीनखाली धरतो. मजकुराच्या पुस्तकाला हे सोसतं. कॉमिक्सच्या आतल्या बाजूच्या चौकटी शिवणीत गडप होतात आणि वरच्या कडेला 'इकडे त्याच वेळी' असं लिहिलेली पट्टी सुरीखाली जाते. दोन पानांवर मिळून काढलेलं चित्र असेल तर त्याच्या मध्यावर जो कुणी उभा असेल तो नाहीसाच होतो. इंद्रजालची मुखपृष्ठं गोविंद यांनी रंगवलेली असायची. पूर्ण रंगचित्रं, आतल्या पानांपेक्षा कितीतरी श्रीमंत. बाइंडरने ती 'कव्हर' म्हणून फाडून टाकली होती. मला त्या अंकांची मुखपृष्ठं पहिल्यांदा बघायला मिळाली तेव्हा मी दोन मुलांची आई झाले होते.

बांधणी न करता कॉमिक्स टिकतात का? टिकतात. माझी टिकली आहेत. जावळीचा पाऊस काय असतो ते तुम्हांला सांगायला नको, आणि साताऱ्यातही जुलैत भिंती घाम गाळतात. मी दर दिवाळीला ट्रंका उन्हात उघडते. ज्या अंकाच्या पिना गंजल्या असतील त्या बोथट चाकूने उचकटून काढते आणि त्याच भोकांतून पांढरा सुती दोरा ओवून मागे गाठ मारते. कडुनिंबाचा वाळलेला पाला आणि वेखंडाची पुरचुंडी ठेवली की कसर लागत नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत मात्र घालू नका. आत दमटपणा धरतो आणि पानं एकमेकांना चिकटतात. एका माणसाला वर्षाकाठी दोन दिवस लागतील एवढंच हे काम आहे, आणि कुणाला ते शिकायचं असेल तर मी येऊन दाखवीन.

तिसरी गोष्ट कपाटाची. कॉमिक्स म्हणजे बालविभाग, हे तुम्ही न बघताच ठरवलेलं असतं. आर्ट स्पीगलमन यांच्या 'माउस'मध्ये ज्यू माणसं उंदीर आहेत आणि नाझी मांजरं. छळछावणीतून वाचलेल्या बापाची मुलाने लिहिलेली ती गोष्ट आहे, आणि १९९२ साली तिला विशेष पुलित्झर मिळालं. एका मोठ्या शहरातल्या ग्रंथालयात मला ती बालविभागात, उंदीर-सशांच्या गोष्टींच्या शेजारी मिळाली. ज्याने ती तिथे ठेवली त्याने मुखपृष्ठ पाहिलं होतं, पान उघडलं नव्हतं. दुसरीतल्या मुलाच्या हाती ते पडू नये आणि ज्या प्रौढ वाचकाला ते हवं आहे त्याने बालविभागात वाकून शोधू नये, एवढी काळजी ग्रंथालयाने घ्यायला हवी.

आणि जागा शोधायची गरजच नाही, ती आधीच ठरलेली आहे. तुमच्यातली बरीच ग्रंथालयं दर विषयाला आकडा देणाऱ्या ड्यूईच्या दशांश पद्धतीने पुस्तकं लावतात. ड्यूईमध्ये व्यंगचित्रं आणि चित्रकथांचा आकडा आहे ७४१.५. रेखाचित्रकला ७४१, आणि तिच्याच पोटात हे. म्हणजे त्या पद्धतीने कॉमिक्सला रेखाचित्रकलेच्या घरात खोली दिलेली आहे. १२ ऑगस्टला तुम्ही ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांच्या तसबिरीला हार घालता. त्यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांत दोन अशी आहेत : प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा. मी वाचक आहे. माझा ग्रंथ ७४१.५ वर आहे. तुमच्या किती कपाटांत ती पट्टी लावलेली आहे, ते एकदा जाऊन पाहा.

"पण हे दहा मिनिटांत संपतं," असं मला एका कार्यवाहांनी सांगितलं होतं. त्यांचा रोख खर्चावर होता : तीन-चारशे रुपयांचं पुस्तक आणि दहा मिनिटं. मी कशी वाचते ते सांगते. पहिल्यांदा गोष्टीसाठी, धावत. त्याला दहा-पंधरा मिनिटं लागतात हे खरं. दुसऱ्यांदा फुगे सोडून नुसती चित्रं, आजीसारखी. माणूस कुठे बघतो आहे, दिवा कुठल्या बाजूला आहे, मागच्या भिंतीवरचं घड्याळ पुढच्या चौकटीत किती वाजलेलं दाखवतं. तिसऱ्यांदा नुसत्या मधल्या जागा. दोन चौकटींच्या मधे पांढरी पट्टी असते, बोटाच्या नखापेक्षा अरुंद. एका चौकटीत उगारलेला हात, पुढच्यात जमिनीवर सांडलेला दिवा. मार बसला तो त्या पांढऱ्या पट्टीत, आणि तो मारला मी, वाचणाऱ्याने. कधी त्या पट्टीत एक क्षण जातो, कधी वीस वर्षं जातात, आणि किती गेले ते मलाच ठरवायचं असतं. चांगला चित्रकार त्या पट्टीत काय टाकायचं आणि काय वाचकावर सोडायचं याचाच विचार करत असतो. हे एकदा दिसायला लागलं की बत्तीस पानं एका रविवारला पुरून उरतात.

आपल्याकडे ही वाचायची रीत परकी नाही, उलट जुनी आहे. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथी पोथीतलं एकेक चित्र पुढे धरून रामायण-महाभारत गाऊन सांगायचे. मधलं सगळं ऐकणाऱ्याने जुळवायचं. आणि आपल्याच जिल्ह्यात, औंधला, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी काय केलं ते आठवा. संस्थानचा अधिपती, स्वतः कुंचला हातात धरणारा माणूस. त्यांनी रामायण चित्रांतून मांडलं आणि १९१६ साली ते 'चित्ररामायण' पुस्तकरूपाने छापून काढलं. औंधच्या भवानी संग्रहालयाला शाळेच्या सहली नेताना आपण मुलांना हेन्री मूरचं शिल्प दाखवतो आणि सूर्यनमस्कारांची गोष्ट सांगतो. या राजाला चित्रांनी गोष्ट सांगावीशी वाटली, हेही सांगायला हवं.

मराठी हात तर पुढेही या कामात होतेच. ज्या १९६७ साली महाराष्ट्राने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, ज्या कायद्याखाली तुमची ग्रंथालयं आज अ, ब, क, ड वर्गांत अनुदान घेतात, त्याच वर्षी मुंबईत अनंत पै यांनी अमर चित्र कथा सुरू केली. तिथले बिनीचे चित्रकार कोण होते? राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम. मुळीकांच्या घोड्यांचे पाय बघा. चारही पाय चार वेगवेगळ्या ओझ्याखाली असतात, जमीन चढती आहे की उतरती ते नुसत्या खुरांवरून कळतं. पुढे दिल्लीच्या राज कॉमिक्सने १९८६ मध्ये नागराज हा नायक आणला तेव्हा त्याच्या सुरुवातीच्या कितीतरी अंकांची चित्रंही त्यांचीच होती. सगळ्या हिंदी मुलखातली पोरं एका मराठी माणसाची रेघ बघत मोठी झाली. त्या माणसाचं एक पान महाराष्ट्रातल्या ग्रंथालयाच्या दाखल नोंदवहीत असू नये, याचं मला मनापासून दुःख होतं.

इथे प्रकाशकांबद्दलही दोन वाक्यं लिहिते, कारण ते तुमच्याकडे बघूनच छापतात. मराठी पुस्तकाच्या आवृत्तीचा मोठा हिस्सा ग्रंथालयं उचलतात, हे आपण सगळे जाणतो. तुमच्या यादीत कॉमिक्स नाही म्हणून त्यांच्या यादीत नाही. जे थोडं निघतं ते इंग्रजीवरून, आणि तिथे माझा जीव तुटतो. इंग्रजी मजकुराच्या मापाने काढलेल्या फुग्यात मराठी ओळी कोंबतात. आपल्या अक्षराला वर रफार-मात्रा आणि खाली उकार असतात, ओळीत अंतर जास्त लागतं. ते न दिल्याने वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. आवाजाची अक्षरं तर इंग्रजीच ठेवतात, नाहीतर तोच उच्चार नागरीत उतरवतात : 'बँग', 'क्रॅश'. अहो, मराठीत दार धाडकन लागतं, काच खळ्ळकन फुटते, तलवार सपकन येते, दूध भस्सकन उतू जातं, साप सळ्ळकन निघतो आणि माणूस धप्पकन बसतो! दर वस्तूला, दर पडण्याला वेगळा आवाज असलेली भाषा आपली. कॉमिक्ससाठीच घडवल्यासारखी. १९९१ पासून 'सकाळ'मध्ये चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा 'चिंटू' येऊ लागला तेव्हा मी रोज सकाळी कात्री घेऊन बसायची, ती त्या बोलण्यासाठी. घरात बोलतात तसं मराठी तीन-चार चौकटींत बसलेलं. त्या सहा वह्या आजही माझ्याकडे आहेत.

आता एका पुस्तकाबद्दल जरा थांबून लिहायचं आहे, कारण ते आपल्या जिल्ह्याचं आहे. 'भीमायन', डॉ. आंबेडकरांवरची चित्रकथा. २०११ साली दिल्लीच्या नवयान प्रकाशनाने काढलं. मजकूर श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचा, चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड आदिवासी चित्रकारांची. ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांचं नाव साताऱ्यात राजवाड्याजवळच्या शाळेत दाखल झालं, हे साताऱ्यातलं पोर सांगतं. त्या सुमाराची दुसरी हकीकत तितकी सांगितली जात नाही. १९०१ मध्ये भीमराव, त्यांचा भाऊ आणि भाचा नवे कपडे घालून, खटाव तालुक्यातल्या गोरेगावला नोकरीवर असलेल्या वडिलांकडे जायला निघाले आणि मसूर स्टेशनवर उतरले. मुलं महार आहेत हे कळताच स्टेशनमास्तरचा चेहरा बदलला. एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं देऊन गाडी मिळाली ती या अटीवर की मुलांनी हाकायची आणि गाडीवान बाजूने चालणार. वाटेत पाणी मिळालं नाही.

मसूर. पुणे-मिरज मार्गावरचं आपलं स्टेशन. कऱ्हाडला जाताना मी तिथून किती वेळा गेले असेन.

'भीमायन'मध्ये ही हकीकत चित्रांत आहे आणि त्यात चौकटी नाहीत. व्याम पतिपत्नी परधानांच्या भिंतीवरच्या आणि अंगणातल्या दिग्ना नक्षीच्या वळणांनी पान विभागतात. आगगाडी सापासारखी वळत येते. आणि फुगे! गोड बोलणाऱ्यांचे शब्द पक्ष्याच्या आकाराच्या फुग्यात आहेत. विटाळाची भाषा बोलणाऱ्यांच्या फुग्याला विंचवाची नांगी आहे. मनातल्या विचाराला डोळा आहे. मी ते पान उघडलं तेव्हा मला पुन्हा पडवीतली आजी आठवली. तिला यातला एक शब्दही न वाचता कळलं असतं की स्टेशनावर कोण कुणाला डसतंय. इंग्रजी प्रत मी पुण्याच्या ग्रंथप्रदर्शनात घेतली. साताऱ्यात ती मागितली तेव्हा मला विचारलं गेलं, "लहान मुलांसाठी का?" पुस्तकांचं गाव भिलार ज्या जिल्ह्यात आहे, त्या जिल्ह्याच्या प्रत्येक ग्रंथालयात हे पुस्तक असावं आणि संदर्भ विभागात असावं, असं माझं ठाम मत आहे.

तुमच्या अडचणी मला माहीत आहेत. अनुदान वेळेवर येत नाही, ग्रंथपालांचा पगार लाज वाटावी इतका आहे, आणि कॉमिक्स चोरीला जातात, फाटतात. चोरीला जातात कारण ती हवीहवीशी असतात. त्यावर अनामत वाढवा, हवं तर तिथेच बसून वाचायची अट घाला, मला चालेल. "मुलांना चटक लागली तर पुस्तकं सुटतील" हा आक्षेप मी पन्नाशी ओलांडली तरी ऐकते आहे. त्यावर काहीजण कॉमिक्सची बाजू घेताना म्हणतात की ती पुस्तकाकडे जायची पायरी आहे. तेही मला पटत नाही. मी वर्षाला तीस-चाळीस कादंबऱ्या वाचते, आणि कॉमिक्स वाचायचं थांबवलेलं नाही. मला कुठे चढायचं नव्हतं. मला तिथेच बसायचं होतं.

वर्षाला दहा नवी कॉमिक्स घ्या. प्रौढ विभागात एक कप्पा द्या आणि त्यावर ७४१.५ ची पट्टी लावा. आणि नोंदवहीत ओळ लिहा : क्रमांक, नाव, लेखक, चित्रकार, किंमत. चित्रकाराचा रकाना तुमच्या वहीत नसेल तर शेऱ्यात लिहा, पण लिहा. कधी जागा अपुरी पडली आणि बाद करायची वेळ आली तर ती यादी सभासदांपुढे ठेवा. आमच्यातलं कुणीतरी नक्की घेऊन जाईल.

माझ्याकडे तीन ट्रंका आहेत. त्यांत ६१२ अंक आहेत : मराठी आणि हिंदी इंद्रजाल, अमर चित्र कथा, नागराज आणि ध्रुव, सुटे चांदोबा. प्रत्येकाची नोंद मी लेजरमध्ये केलेली आहे. माझी मुलं बाहेरगावी आहेत आणि त्यांच्या दोन खोल्यांच्या घरांत ट्रंकांना जागा नाही. जे ग्रंथालय प्रत्येक अंकाला दाखल क्रमांक देण्याचा ठराव करील त्याला मी हे सगळं देईन. लाल पाठीचा तो खंडही, ज्याची रद्दीची पावती मी जपून ठेवली आहे. अटी दोनच : बांधणी करायची नाही आणि चित्रावर शिक्का मारायचा नाही. नोंदी करायला माणूस नसेल तर महिनाभर रोज संध्याकाळी सहानंतर मी येऊन बसेन. माझं अक्षर चांगलं आहे.

पहिल्या ट्रंकेत वरच्या थरात सात अंक वेगळ्या पंचात गुंडाळलेले आहेत. त्यांच्या पानांवर खालच्या बाजूला तपकिरी ठिपके दिसतील. ते बुरशीचे नाहीत, आजीच्या बोटाचे आहेत. ते तेवढे पुसू नका.

कळावे,
आपली नम्र,
एक आजीव सभासद, सातारा